पाठकोऱ्या कागदांबाबत

जबाब देणारीचे नाव व घराचा पत्ता: तिच्या विनंतीवरून वेगळ्या पानावर लिहून लखोट्यात बंद केला आहे. वय: ४७ वर्षे. धंदा: घरोघरी जाऊन जुनी कागदपत्रे मशीनवर कातरून देणे. शिक्षण: लिहिता-वाचता येते. तारीख: २४, दुपारी ३ वाजता.

मला ठाण्यात बोलावले म्हणून मी आले आहे. हवालदारांनी जे विचारले त्याचे उत्तर कुणाच्या सांगण्यावरून नाही तर माझ्या मनाने देते, ते असे.

मी सासूबाईंसह दोन खोल्यांत राहते. पती ट्रकवर असतात, महिन्यातून दोनदा घरी येतात. नऊ वर्षांपूर्वी एक कचेरी बंद पडली, तिथले कागद कापायचे मशीन मी भंगारवाल्याच्या हातून सोडवून घेतले आणि हा धंदा सुरू केला. लोक जुनी बिले, बँकेची पत्रे, ओळखपत्रांच्या झेरॉक्स तशाच कचऱ्यात टाकतात. कुणीतरी त्या उचलतो आणि मग आपले नाव घेऊन भलताच माणूस गावभर हिंडतो. तसे होऊ नये म्हणून मला बोलावतात. मशीनला मी जुन्या खुर्चीची चाके बसवली आहेत. लिफ्ट असो वा नसो, ते मी एकटी वर नेते.

कामाची रीत विचारली म्हणून सांगते. मशीन जुने आहे, एका वेळी एकच कागद घेते आणि त्याच्या उभ्या पस्तीस पट्ट्या करते. कागद मी छापील बाजू खाली करून घालते, म्हणजे मला फक्त पाठ दिसते. नाव, नंबर, सही काही दिसत नाही. ज्याचे कागद त्याने शेवटचा कागद जाईपर्यंत समोर बसायचे. सगळे झाले की पट्ट्या त्यांच्याच घरच्या बादलीत पाण्यात भिजवायच्या आणि लगदा होईपर्यंत ढवळायच्या. याला मी भिजवण म्हणते. त्यानंतर छापील पावतीवर 'काम समक्ष पूर्ण झाले' याखाली सही. लोक मला मशीनसाठी बोलावत नाहीत. मशीन बाजारात मिळते. मी वाचत नाही, म्हणून बोलावतात. नऊ वर्षांत माझ्याविरुद्ध एकच तक्रार आली होती, ती बादलीला डाग पडल्याची.

तक्रारदार ताईंशी माझी आधीची ओळख नाही. त्यांच्या एका टाकून दिलेल्या फोनबिलावरून कुणीतरी त्यांच्या नावाने फोन घेतला आणि त्यावरून चार अनोळखी घरांना रोज सकाळी शिव्या घातल्या. तो फोन आपला नाही हे पटवायला ताईंनी याच ठाण्यात दीड महिना खेटे घातले. हवालदार म्हणाले की हे लिहायची गरज नाही. मला गरज वाटते. ताई उगाच कुणावर संशय घेणाऱ्यातल्या नाहीत हे कुठेतरी लिहिलेले असावे.

वडिलांच्या जुन्या कागदांचे तसे होऊ नये म्हणून ताईंनी मला बोलावले, आणि या महिन्याच्या ४ तारखेला सकाळी पावणेदहा वाजता मी त्यांच्या वडिलांच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, मशीन घेऊन गेले. वडिलांचे वय ७६. ते कारखान्यात स्टोअरकीपर होते. त्यांना मी काका म्हणते. काकूंना जाऊन दीड वर्ष झाले. घरात काका एकटेच असतात. बाहेरच्या खोलीत कपाटावर अकरा फाइली उभ्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर सुरुवातीची आणि शेवटची तारीख. एवढे नीटनेटके कपाट मी नऊ वर्षांत पाहिले नाही. मी तसे बोलले. काका म्हणाले, "मी फक्त बिलं भरायचो. फाइलला लावायचं खातं हिच्याकडे होतं. ती गेल्यावर आता मीच लावतो, पण तिच्यासारखं जमत नाही."

ताईंनी मला सांगितले, "सगळ्यात नवीन फाइल आधी घ्या. चोराला ताजे नंबर लागतात. एकही कागद राहायला नको." मग काकांना म्हणाल्या, "बाबा, जागचं उठायचं नाही. आणि यांच्याशी गप्पा मारत बसू नका, मोजायचं राहून जाईल."

काका म्हणाले, "चाळीस वर्षं गप्पा मारतच मोजलंय."

ताई दहा वाजता कामावर गेल्या. मी मशीन सुरू केले.

पहिले सत्तर कागद पाठकोरे होते. एकाहत्तराव्या कागदाच्या पाठीवर हाताने लिहिलेले होते. मोठे, वाकडेतिकडे अक्षर, मोजके शब्द. कागद आत गेला. त्याखालच्या कागदावर तेच अक्षर. त्याखालच्यावरही. लोक पाठकोऱ्या कागदावर सामानाच्या याद्या लिहितात, मुलांना गणिते घालतात, त्यामुळे मला त्यात नवल वाटले नाही. पुढचा कागद घातला.

मी ते वाचले का, असे हवालदारांनी विचारले. वाचणे म्हणजे ओळीवरून डोळे नेणे. मी डोळे नेले नाहीत. कागद माझ्या डोळ्यांखालून गेले. शेजारी बसलेल्या फौजदार साहेबांना हा फरक पटला नाही. आता मलाही पटत नाही.

फाइलीत जसजशी खाली जात होते तसतसे अक्षर सुधारत गेले. आधी एका पाठीवर जेमतेम तीन-चार ओळी. मग पाच-सहा. मग अर्धी पाठ, बारीक आणि सरळ. हात थकत जाऊन अक्षर बिघडते हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. सुधारत गेलेले पहिल्यांदाच पाहत होते. नवे कागद वर आणि जुने खाली, म्हणजे मी उलटी चालले आहे, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला. काय दिसले ते विचारले म्हणून दोन-तीन सांगते. एकावर होते, 'पंखा दोनवर.' एकावर, 'माझा आवाज गेलाय, कान नाही. ओरडून बोलू नका.' एकावर, 'आज कोण येऊन गेलं? मी झोपले होते की तुम्ही उठवलंच नाही?' दुसरे दिसले तेव्हा मला हसू फुटले. काकांनी विचारले, "काय झालं?" मी म्हटले, "काही नाही काका, ठसका लागला."

तिथेच मी थांबायला हवे होते. थांबले असते तर का थांबले ते सांगावे लागले असते, आणि सांगितले असते तर वाचते हे कबूल झाले असते. नऊ वर्षांचे नाव राखायला मी पुढचे दीडशे कागद मशीनमध्ये घातले. ही माझी चूक आहे. ती माझ्याकडून कुणी करवून घेतलेली नाही.

साडेअकराला पहिली फाइल संपून दुसरी निम्मी झाली होती. लिहिलेले कागद तोवर दोनशे बारा गेले होते. हा आकडा काकांच्या मोजणीवरून काढला आहे, ते पेन्सिलने रेघा ओढत होते आणि मधूनमधून मोठ्याने सांगत होते. त्यांना सगळे मिळून दोनशे ब्याऐंशी एवढेच माहीत होते. त्यातले सत्तर कोरे, हे मला माहीत होते.

काकांनी चहा केला. मशीन बंद होते म्हणून खोली शांत झाली, आणि ते बोलायला लागले. काकूंच्या घशाचे ऑपरेशन झाले होते, त्यानंतर आवाज आलाच नाही. "सहा वर्षं ती लिहूनच बोलायची," काका म्हणाले. "लिहायची, माझ्यापुढे धरायची, मी तोंडी उत्तर द्यायचो. भांडायचो पण तसंच. तिचं भांडण लिहून होईपर्यंत माझा राग उतरलेला असायचा. पण त्यातलं एक चिटोरं माझ्याकडे राहिलं नाही हो. कुठल्यातरी रद्दीवर लिहायची, रद्दी गेली असणार. ती गेल्यावर सगळं घर शोधलं. कपड्यांच्या घड्यांतसुद्धा बघितलं. आधी आवाज गेला, मग अक्षरही गेलं."

मी कप खाली ठेवला.

काका म्हणाले, "एवढे लोकांचे कागद हाताखालून जातात, तुम्हाला कधी वाचावंसं वाटत नाही?"

मी म्हटले, "नाही."

हे मी खोटे बोलले. त्यानंतर आणखी बोलले, ते क्रमाने सांगते. मी म्हटले की मशीन तापले आहे, आता चालणार नाही. मशीन गार होते. काका भला माणूस, त्यांनी हात लावून पाहिला नाही. ते म्हणाले, "पंखा लावतो, निवेल लवकर," आणि बटणाकडे गेले. मशीनखाली ज्या कापडी पिशवीत पट्ट्या पडतात तिचे तोंड उघडे होते. मी त्यांच्यावर ओरडले, "काका, पंखा नको!" ते दचकले. मग मी सांगितले की उरलेले काम घरी नेऊन करते. उरलेली अर्धी फाइल आणि बाकीच्या नऊ फाइली मी चार खेपांत रिक्षात नेऊन ठेवल्या. ठेवून आले असते तर ताईंनी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला बोलावले असते. पट्ट्यांची पिशवी मी मांडीवर आडवी घेऊन बसले.

निघताना पावती पुढे केली. काकांनी ती वाचली आणि म्हणाले, "यात समक्ष पूर्ण झालं असं लिहिलंय. हे खरं नाही."

मी म्हटले, "नंतरची सही आत्ता केली असं समजा."

ते म्हणाले, "माल हातात आल्याशिवाय मी जन्मात सही केलेली नाही. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून करतोय." त्यांनी सही केली. ती पावती आपल्याकडे जमा आहे.

काकांना तिथेच का सांगितले नाही, हे साहेबांनी दोनदा विचारले. ज्या माणसाने आत्ताच सांगितले की एक चिटोरे उरले नाही, त्याला कसे सांगायचे की दोनशे बारा होती, आणि ती मी तुमच्यासमोर कापली, तुम्ही रेघा ओढत होतात तेव्हा? साहेब म्हणाले, न कापलेली तरी द्यायची होती. ती दिली असती तर कापलेली विचारली असती. आधी जोडायची आणि मग सगळी एकदम नेऊन द्यायची, असे मी ठरवले. मला फार लाज वाटत होती. यापेक्षा वेगळे कारण नाही.

घरी सासूबाईंनी फाइली पाहून विचारले, "हे कुणाचं बिऱ्हाड उचलून आणलंस?" मी सगळे सांगितले. त्यांनी चाळीस वर्षे शिंप्याकडे काज-बटणाचे आणि हातशिलाईचे काम केले आहे. त्या म्हणाल्या, "पिशवी ओतू नकोस. ओतलीस तर गेलं सगळं. छोटी कात्री दे." पिशवी आडवी ठेवून त्यांनी तिची एका बाजूची शिवण तळापासून तोंडापर्यंत उसवली आणि कापड बाजूला केले. आत पट्ट्यांचे थर जसे पडले तसे होते, तळाला पहिले कागद आणि वर शेवटचे. सासूबाई म्हणाल्या, "बाईने शेवटचं जे लिहिलं ते आधी कर. बाकीचं राहिलं तर राहील."

ते सत्तर कोऱ्या कागदांच्या थराच्या अगदी वर होते. त्या एका कागदाला आम्हाला अडीच दिवस लागले.

रीत अशी बसली: जमिनीवर काळी चादर, तिच्यावर पट्ट्या. आधी छापील बाजू वर करून ओळीला ओळ लावायची, मग त्याच बाजूने पारदर्शक चिकटपट्टी, म्हणजे पाठीवरच्या अक्षराला काही लागत नाही. पण ओळीला ओळ लावायची म्हणजे छापील मजकूर वाचावा लागतो. त्यामुळे काकांची जन्मतारीख, त्यांचे ग्राहक क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक आणि रक्ताचा गट मला पाठ झाला आहे. सासूबाईंना औषधांची नावेसुद्धा येतात. हे विसरायचा काही उपाय असेल तर आम्ही दोघी करायला तयार आहोत.

एकोणीस दिवस घरात पंखा बंद, खिडक्या बंद. सासूबाईंच्या पाठीवर घामोळे उठले. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचे. मी या काळात इतर कुठलेही काम घेतले नाही. एकूण चौसष्ट कागद जोडून झाले. मधे पती दोन दिवस येऊन गेले. त्यांना पायरीवर बसवून जेवायला वाढले. ते म्हणाले, "मी येतो ते कळवत जाऊ का?"

ताईंचा पहिला फोन ४ तारखेलाच संध्याकाळी सात वाजता आला. त्या म्हणाल्या, "बाबांच्या बाथरूममधली बादली कोरडी कशी? तुम्ही तर तिथेच भिजवता म्हणाला होतात." मी म्हटले, "ताई, भिजवण घरी केली." हेही खोटे. नंतर त्यांनी उरलेल्या फाइलींबद्दल तीनदा विचारले. मी एकदा उद्या म्हटले, एकदा परवा म्हटले आणि मग फोन उचलणे सोडून दिले. त्यांच्या जागी मी असते तर इतके दिवस थांबले नसते.

२३ तारखेला सकाळी अकरा वाजता हवालदार आणि एक शिपाई माझ्या घरी आले. मी गुडघ्यांवर बसून पट्टी चिकटवत होते. सासूबाई भिंग घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चपला बाहेर काढा. आणि पाय जपून टाका, तिथे मे महिना आहे." पंचनाम्यात 'कापलेल्या कागदपत्रांतून लोकांची खाजगी माहिती परत जुळवण्याचे काम चालू असताना रंगेहाथ' असे लिहिले आहे. त्यातला एकही शब्द चुकीचा नाही. मीही बाहेरून तेवढेच पाहिले असते तर तेच लिहिले असते.

एक गोष्ट मात्र नोंदवून घ्यावी. शिपायांनी उसवलेली पिशवी चारही कोपरे धरून उचलली आणि झटकली. सासूबाईंनी जी किंकाळी मारली ती शेजारच्या तीन घरांत ऐकू गेली. हवालदारांनी त्यांना सांगितले, "आजी, आम्ही मारलं नाही कुणाला." सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला काय ठाऊक, काय केलंत ते." न जोडलेल्या एकशे अठ्ठेचाळीस कागदांपैकी किती मिसळले ते उघडून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

आज दुपारी सव्वाबारा वाजता काकांना ठाण्यात ओळख पटवायला बोलावले. सोबत ताई होत्या. साहेबांच्या टेबलावर जोडलेल्यांपैकी त्रेसष्ट कागद छापील बाजू वर करून मांडले होते. साहेबांनी विचारले, "ही तुमची कागदपत्रं आहेत का?" काका एकेकावर बोट ठेवत म्हणाले, "हो. हे लाइटचं. हे पाण्याचं. हे औषधांचं. पण यांना चिकटपट्टी कुणी लावली?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी एक कागद उचलून उलटा केला आणि काकांपुढे ठेवला.

काकांनी तो बराच वेळ पाहिला. मग बाकीचे त्यांनी स्वतः उलटे केले. माल मोजावा तसे एकेक करून, कडा जुळवत, त्रेसष्टच्या त्रेसष्ट. शिपायाने मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. शेवटी मला विचारले, "चिठ्ठ्या रद्दीवर नव्हत्या?"

मी म्हटले, "नाही काका. बिलांच्या पाठीवर. लिहून झालं की काकू कागद परत फाइलला लावत होत्या. सगळ्या फाइलींत आहेत. त्या दिवशी कापल्या त्या दोनशे बारा सोडून बाकी धडधाकट आहेत. ज्या गेल्या त्या मी कापल्या. मला दिसत होतं आणि मी कापल्या."

काका म्हणाले, "घेतलेली वस्तू जागेवर ठेव, असं लग्न झाल्यापासून तिला मीच सांगायचो." एवढेच बोलले. माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपे गेले असते.

ताई उभ्याच होत्या. त्या साहेबांना म्हणाल्या, "आईचं अक्षर आहे ते मला दिसतंय. पण दुसऱ्या बाजूला बाबांचं सगळं आहे. नाव, नंबर, सही. हे असे कागद घरात ठेवायचे नाहीत. माझ्या बाबतीत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. हे तुम्ही इथेच नष्ट करा आणि तसं मला लिहून द्या." हातातले कागद काकांनी छातीशी धरले नाहीत की मागितलेही नाहीत, टेबलावर ठेवून ते लेकीकडे बघत राहिले. माझ्या मनात आले की झाले, आता हे जाणार, आणि या खेपेला नीट भिजवून जाणार.

साहेबांनी ताईंना सांगितले की नष्ट करायचे तर यादी करावी लागेल, तुम्ही मोजून घ्या. ताई उभ्यानेच मोजायला लागल्या. नवव्या की दहाव्या कागदावर त्या थांबल्या. तो कागद मी मुद्दाम वर ठेवलेला नव्हता, हे शपथेवर सांगते. त्यावर काय आहे ते ताईंनी स्वतः मोठ्याने वाचले म्हणून इथे लिहायला हरकत नाही: 'ती चारचारदा कुलूप बघते म्हणून हसू नका. ती भित्री आहे, माझ्यावर गेलीय. भीती कुणी हौसेने बाळगत नाही. ती आली की तुम्हीच उठून कुलूप लावत जा, म्हणजे तिला बसता येईल.'

काका म्हणाले, "मी लावतो की उठून."

ताई म्हणाल्या, "हो." मग त्या खाली बसल्या आणि मोजणे विसरल्या. नंतर ताईंनी डोळे पुसले आणि मला सरळ विचारले, "पुढच्या बाजूचे नंबर काळ्या मार्करने खोडले तर चालेल का? मागचं ठेवता येईल?"

मी म्हटले, "मार्कर नको ताई. पाठीला उमटतो, अक्षर जाईल. छापील बाजूवर कोरा कागद खळीने डकवा. वाळला की नंबर कुणाच्या बापाला दिसणार नाही." बाप हा शब्द ठाण्यात वापरल्याबद्दल माफी मागते.

ताईंनी विचारले, "तुम्ही डकवून द्याल?" मी हो म्हटले. साहेब म्हणाले की हे सगळे नंतर, आधी कागद मुद्देमालात आहेत. काकांनी विचारले की मुद्देमाल बसून वाचायला बंदी आहे का. साहेबांनी थोडा विचार केला आणि बंदी नाही असे सांगितले. पलीकडचा बाक मोकळा करून दिला.

चौसष्टावा, म्हणजे काकूंनी शेवटी लिहिलेला कागद मी वेगळ्या पाकिटात ठेवला होता. तो मी काकांच्या हातात दिला. देताना सांगितले की डावीकडून अकरावी पट्टी मिळालेली नाही. मशीनचे दात उघडून पाहिले, रिक्षावाल्याला गाठून सीट उचलून पाहिली, सापडली नाही. त्यामुळे चारही ओळींत मध्येच एकेक अक्षर नाही. चार दिवस मी त्या फटीत काय असेल याचा विचार करत होते. सासूबाईंनी वेगळे अक्षर सांगितले, मी वेगळे.

त्या कागदावर काय लिहिले आहे ते मी सांगणार नाही. साहेबांनी आग्रह धरला, तरी नाही. ते वाचले आहे हे कबूल करते.

काकांनी कागद उजेडाकडे धरला. माझे लक्ष त्या फटीकडे होते. त्यांचे डोळे तिथे अडले नाहीत. एका ओळीवर ते म्हणाले, "हो." दुसरीवर म्हणाले, "ते तिला देऊन टाकलं." तिसरीवर नुसती मान हलवली. चौथीवर म्हणाले, "जेवलो गं. आत्ताच जेवून आलो."

साहेबांनी विचारले, "काका, कुणाशी बोलताय?"

काका म्हणाले, "लिहून दाखवलं आणि डोळे मिटले तिने. बिल नंतर मीच पाठ न बघता फाइलला लावलं असणार. उत्तर द्यायचं राहिलं होतं."

माझ्याविरुद्धच्या तक्रारीचे काय करायचे ते ताई वेगळे लिहून देणार आहेत. पावती खोटी होती, फोनवर मी खोटे बोलले आणि दुसऱ्याचे कागद त्यांना न सांगता जोडले, या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्याबद्दल जे होईल ते मला मान्य आहे. मुद्देमालाच्या खोलीत असलेली पिशवी आडवीच ठेवावी, उभी करू नये आणि त्या खोलीत पंखा लावू नये. उरलेले एकशे अठ्ठेचाळीस कागद जोडायला मला आणि सासूबाईंना रोज सकाळी दहा ते पाच इथे बसू द्यावे. चादर आम्ही आमची आणू.

हा जबाब लिहून झाल्यावर हवालदारांनी तो मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. एके ठिकाणी 'चोरून' असे लिहिले होते, ते मी 'न सांगता' करून घेतले. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे. वाचताना हवालदारांनी आवाज अगदी खाली ठेवला होता, कारण पलीकडच्या बाकावर काका अजून वाचत होते आणि मधूनमधून उत्तर देत होते.

जबाब देणारीची सही